रोलमधल्या न छापलेल्या फ्रेमही वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

17 सप्टेंबर जवळ आला की मुक्तिसंग्रामाची आणि 30 सप्टेंबरच्या आसपास किल्लारीच्या भूकंपाची जुनी छायाचित्रे मराठवाड्यातल्या बहुतेक दैनिकांत येतात. खाली 'संग्रहित' एवढेच छापलेले असते. फोटो कोणी काढला, कुठल्या गावात, कोणत्या दिवशी, याचा पत्ता नसतो. पुष्कळदा तो जुन्या अंकाच्या कात्रणावरून किंवा मोबाइलवर फिरत आलेल्या प्रतीवरून घेतलेला असतो, त्यामुळे चेहऱ्यांच्या जागी ठिपके दिसतात. त्याच वेळी त्या फोटोची मूळ निगेटिव्ह कुठल्यातरी तालुक्याच्या गावी, पत्र्याखालच्या माळ्यावर, बिस्किटाच्या डब्यात नाहीतर चपलांच्या खोक्यात खराब होत असते. या निगेटिव्ह अजून वाचवता येतील. कशा, ते नीट सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण अर्धवट माहितीने निगेटिव्हचे नुकसानच जास्त होते.

निगेटिव्ह गावातच का राहिल्या, हे आधी सांगायला हवे. डिजिटल कॅमेरे येईपर्यंत दैनिकांचे पगारी छायाचित्रकार मुख्य शहरातच असत. अंबाजोगाई, सेलू, वसमत, उमरगा, देगलूर अशा ठिकाणांहून येणारे फोटो तिथल्या मुक्त छायाचित्रकारांचे असत. त्यांचे पोट पासपोर्ट फोटो, लग्ने, शाळेचे ग्रुप फोटो आणि पोलिसांच्या पंचनाम्याच्या फोटोंवर चाले. वर्तमानपत्राचे काम त्याला जोड होते आणि मानधन मिळे ते छापून आलेल्या फोटोपुरते. दुपारी सभा झाली की संध्याकाळी रोल धुवायचा, म्हणजे रसायनांत बुडवून चित्र उमटवायचे, निगेटिव्ह पुरती वाळायच्या आधीच एनलार्जरमध्ये (चित्र मोठे करून कागदावर उतरवणाऱ्या यंत्रात) घालायची, प्रिंट ग्लेझरच्या तापत्या पत्र्यावर सुकवायची, मागे पेन्सिलने माहिती लिहायची आणि पाकीट रात्रीच्या एसटीच्या चालक-वाहकाच्या हाती द्यायचे. पहाटे कार्यालयाचा माणूस बसस्थानकावरून ते घेऊन जाई. प्रिंट ब्लॉक (छपाईचा धातूचा ठसा) करायला जाई आणि सहसा परत येत नसे. म्हणजे दैनिकाकडे राहिला तो छापील अंक, फोटोवाल्याकडे राहिली ती निगेटिव्ह.

या दोन्हींतला फरक मोठा आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात न्यूजप्रिंटवर फोटो छापायला इंचाला साधारण 65 ओळींची ठिपक्यांची जाळी वापरत. अर्धा इंच रुंदीचा चेहरा म्हणजे आडवे तीसेक ठिपके. त्यातून कात्रण कितीही चांगले स्कॅन केले तरी एकतिसावा ठिपका निघणार नाही. 35 मिलिमीटरची एक फ्रेम 36 मिलिमीटर रुंद असते. ती इंचाला 3200 ठिपक्यांनी स्कॅन केली तर आडवे साडेचार हजार ठिपके मिळतात. सभेतल्या मागच्या रांगेतला माणूस ओळखू येतो, दुकानाची पाटी वाचता येते.

दुसरी गोष्ट आम्हाला याहूनही मोलाची वाटते. रोल 36 फ्रेमचा असे. पुष्कळ जण 100 फुटांचा डबा आणून अंधारात रिकाम्या कॅसेटमध्ये फिल्म भरत. एका डब्यात 18–19 रोल होत. पूर्व जर्मनीची ओर्वो आणि उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू ही नावे त्या पिढीला पाठ आहेत. मंत्र्यांच्या सभेच्या सहा-आठ फ्रेम झाल्या तरी रोल संध्याकाळीच धुवायचा असे. काही जण डार्करूममध्ये काढलेला भाग कापून उरलेली फिल्म वाचवत. बाकीचे येता-जाता जे दिसेल ते टिपून रोल संपवत. त्या उरलेल्या फ्रेमांत जिनिंगसमोर लागलेली कापसाच्या बैलगाड्यांची रांग आहे, दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातून निघालेली ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे आहेत, टँकरभोवतीच्या घागरी आहेत, रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाया आहेत, माळेगावच्या यात्रेतला घोडेबाजार आणि परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातले पाळणे आहेत. यातले काहीच कधी छापले गेले नाही, कारण ती बातमी नव्हती. आता ते सगळे दृश्य बदलले आहे आणि त्याची नोंद फक्त या फ्रेमांत उरली आहे.

म्हणून पहिली विनंती अशी की कोणी जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या तर 'ऐतिहासिक' म्हणून नेत्यांच्या तेवढ्या फ्रेम निवडू नयेत. आख्खा रोल, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, हललेल्या आणि जास्त प्रकाशाने जळालेल्या फ्रेमांसकट, क्रमाने स्कॅन करावा. क्रमावरूनच पुढे तारीख आणि ठिकाण लागते.

आता निगेटिव्ह खराब कशा होतात ते पाहू. कृष्णधवल निगेटिव्ह म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदीचे सूक्ष्म कण. चांदी टिकाऊ आहे, घोटाळा होतो तो तिच्या आजूबाजूला. बहुतेक फिल्मचा पाया ट्रायअ‍ॅसिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटू लागते. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ही प्रक्रिया सुरू झाली असे समजावे. सुटलेले आम्लच ती प्रक्रिया पुढे ढकलते, म्हणून ती थांबत नाही आणि शेजारच्या चांगल्या रोलनाही लागते. पट्टी आकसते, लाटांसारखी वाकते आणि शेवटी जिलेटिनचा थर सुटून त्याला कालव्यांसारख्या सुरकुत्या पडतात. 21 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेत नवी अ‍ॅसिटेट फिल्म ठेवली तर हा त्रास सुरू व्हायला सुमारे 40 वर्षे लागतात, असा जाणकारांचा अंदाज आहे. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 42–43 अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. 1970 आणि 80 च्या दशकांतल्या रोलांची मुदत यावरून प्रत्येकाने ताडावी.

दुसरा शत्रू बुरशी. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की जिलेटिनवर बुरशी धरते, कारण जिलेटिन तिचे खाद्यच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बंद खोलीत एवढी आर्द्रता सहज असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे किंवा वेड्यावाकड्या फांद्या दिसल्या तर ती बुरशी. इथे सर्वांत घातक चूक होते, लोक निगेटिव्ह पाण्याने धुवायला घेतात. बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते. नळाखाली धरलेली निगेटिव्ह हातात कोरी पट्टी होऊन राहते. बुरशी लागलेल्या निगेटिव्हला पाण्याचा थेंबही लावू नये. ती कोरड्या हवेत ठेवून बुरशी सुकू द्यावी, मग मऊ ब्रशने हलकेच झाडावी, तीही घराबाहेर, नाकातोंडाला मास्क लावून आणि इतर रोलांपासून दूर.

तिसरे कारण धुण्यातच आहे आणि ते खास आपल्या भागाचे आहे. हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या रसायनात, फिक्स केल्यावर निगेटिव्ह वाहत्या पाण्यात वीसेक मिनिटे धुवावी लागते. जिथे पिण्याच्या पाण्यासाठी टँकर लावावा लागतो तिथे वाहते पाणी कुठून येणार? दोन-तीन बादल्यांत बुडवून काम भागवले जाई. आत राहिलेला हायपो वर्षानुवर्षे चांदीवर काम करतो आणि निगेटिव्हवर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. हायपो वापरून वापरून थकला असेल तर न विरघळलेले चांदीचे क्षार थरात राहतात आणि निगेटिव्ह दुधाळ होते. दुष्काळाच्या सालातले रोल म्हणूनच आधी काढून पाहावेत. बोअरच्या जड पाण्याने शेवटची धुलाई झाली असेल तर थेंबांच्या आकाराचे पांढरे चुन्याचे डाग दिसतात. हे डाग भीतीदायक दिसतात, पण सर्वांत निरुपद्रवी तेच.

उन्हाळ्याने डार्करूममध्येही त्रास दिला आहे. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारे रसायन, 20 अंशांना वापरायचा आणि टाकीतले पाणी 35 अंशांचे. जाणते लोक बर्फ पॉलिथिनच्या पिशवीत बांधून भांड्यात सोडत, म्हणजे बर्फ वितळून डेव्हलपर पातळ होत नसे, आणि फिक्सरमध्ये तुरटी घालून जिलेटिन कडक करत. गरम द्रावणातून निगेटिव्ह एकदम गार पाण्यात गेली की थर आकसून बारीक भेगांचे जाळे पडते. ते जाळे आता जात नाही. कोणी 'दुरुस्त करून देतो' म्हणाला तर निगेटिव्ह त्याच्या हाती देऊ नये. फिल्मभर लांबच्या लांब समांतर ओरखडे दिसले तर ते पुन्हा पुन्हा भरलेल्या कॅसेटच्या मखमलीत अडकलेल्या धुळीचे असतात. ते स्कॅनवर संगणकात कमी करता येतात.

साठवणुकीच्या वस्तूंनीही नुकसान केले आहे. निगेटिव्ह वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळण्याची पद्धत सर्रास होती. तो कागद आम्लयुक्त असतो, काही वर्षांत स्वतः पिवळा पडतो आणि फिल्मलाही डागाळतो. अल्बमच्या स्वस्त पीव्हीसी पाकिटांतून चिकट द्रव्य सुटते. रबरबँड वितळून फिल्मला चिकटते, त्यातले गंधक चांदी काळी करते. डांबरगोळ्या कपड्यांसाठी ठीक, फिल्मजवळ नकोत.

कामाला हंगाम आहे. पावसाळ्यात डबे उघडू नयेत. दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आपल्याकडची हवा कोरडी आणि सोसवेल अशी थंड असते, तेव्हाच हे काम करावे. स्वच्छ टेबल, त्यावर पांढरा सुती कपडा, पंखा बंद. हात धुऊन कोरडे करावेत, सुती किंवा नायट्रिलचे हातमोजे घालावेत, पट्टी कडेनेच धरावी. प्रत्येक डबा उघडताना आहे तसा मोबाइलने फोटो घ्यावा, कारण डब्यावर किंवा पाकिटावर लिहिलेले 'नगरपालिका, मार्च' एवढेसे अक्षरही पुढे उपयोगी पडते. ते जुने पाकीट फेकू नये. मग वास घ्यावा. आंबूस वासाचे रोल लगेच वेगळ्या खोलीत न्यावेत, हवाबंद प्लास्टिकमध्ये नव्हे तर कागदी पाकिटात ठेवावेत आणि स्कॅनिंगला पहिला नंबर त्यांचा लावावा.

धूळ रबरी फुग्याच्या हवेने उडवावी. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचा कण थरात बसतो. पट्टीच्या चकचकीत पाठीवर बोटांचे ठसे असतील तर 99 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती बोळ्यावर दोन थेंब घेऊन हलके पुसावे. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. मॅट बाजू म्हणजे चित्राचा थर, तिला हात लावू नये. गुंडाळी होऊन बसलेला रोल ओढून सरळ करू नये. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून, पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून, जाड पुस्तकाखाली आठवडाभर ठेवल्या की त्या बऱ्याच सरळ होतात. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असतील तर खेचू नयेत. तसेच काचेला चिकटलेल्या जुन्या फोटोचे: फ्रेम फोडून फोटो सोलू नये, काचेसकट स्कॅन करावा.

स्कॅनिंगचे दोन मार्ग आहेत. झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर 35 मिलिमीटरसाठी 3200 आणि 120 नंबरच्या रुंद फिल्मच्या चौकोनी निगेटिव्हसाठी 2400 पुरे. खोक्यावर 6400 लिहिलेले असले तरी तेवढा तपशील या स्कॅनरमधून निघत नाही, फाइल मात्र फुगते. धूळ आपोआप काढण्याची इन्फ्रारेड सोय कृष्णधवल फिल्मला लावू नये, चांदी त्या किरणांना अडवते आणि चित्रच बिघडते. ती रंगीत निगेटिव्हसाठी आहे. एका रोलला या मार्गाने सव्वा-दीड तास लागतो.

दुसरा मार्ग जलद आहे आणि आजच्या लग्नाच्या फोटोग्राफरांकडे त्याचे बहुतेक सामान असते. कॅमेरा, मूळ आकाराएवढे चित्र घेणारी मॅक्रो लेन्स, खाली तोंड करून बसवता येईल असा स्टँड आणि चांगल्या प्रतीचे एलईडी लाइट पॅड. निगेटिव्ह पॅडवर सपाट न टेकवता दोन-तीन सेंटिमीटर वर धरावी, नाहीतर पॅडवरची धूळ चित्रात येते. निगेटिव्हभोवती काळ्या कार्डाची चौकट लावावी, बाजूने येणारा प्रकाश फोटो फिका करतो. कॅमेरा आणि निगेटिव्ह समांतर आहेत का, हे पाहायला निगेटिव्हच्या जागी लहान आरसा ठेवावा. कॅमेऱ्यात लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसले की समांतर. आयएसओ 100, अ‍ॅपर्चर 8, दोन सेकंदांचा टायमर, रॉ (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ) फाइल. खोलीतला दिवा बंद. कडेची अक्षरे सरळ वाचता येतात का, ते पाहावे. उलटी दिसली तर चित्रही डावे-उजवे उलटे आले आहे. हात बसला की एक रोल पंधरा मिनिटांत होतो. मोबाइलने काढलेले स्कॅन यादीसाठी ठीक, जतनासाठी नाही.

जागेचा हिशोब सोपा आहे. 3200 ला एक फ्रेम सोळा बिटच्या करड्या टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये) सुमारे 27 एमबी होते, 36 फ्रेमचा रोल साधारण 1 जीबी. पाचशे रोल असलेल्या छायाचित्रकाराचे आयुष्यभराचे वृत्तचित्रण 500 जीबीत मावते. तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी. मूळ टिफमध्ये कधीही कापाकापी करू नये. उजळवणे, डाग काढणे प्रतीवर करावे. फाइलचे नाव '1988_सेलू_बाजार_रोल014_फ्रेम07' अशा क्रमाने द्यावे, म्हणजे वर्षानुसार आपोआप लागते. स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह फेकायची नाही. ती लोखंडी कपाटात, खालच्या मजल्यावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. प्लायवूडच्या कपाटातून वाफा सुटतात, ते टाळावे. डब्यात सिलिका जेल आणि छोटे आर्द्रतामापक असावे, काटा 30 ते 50 मध्ये राहिला पाहिजे. निळे जेल गुलाबी झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येते.

तारीख लावण्याचे काम मात्र यंत्राचे नाही. जुने छायाचित्रकार आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. स्कॅन मोठ्या पडद्यावर दाखवून, शेजारी मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू ठेवून, त्यांना बोलू द्यावे. माणूस कोण, गाव कोणते, प्रसंग काय, आणि मागे दिसणारी इमारत आज तिथे आहे का, एवढे चार प्रश्न पुरतात. ते हयात नसतील तर चित्रातच खुणा असतात. 'एमएच'ने सुरू होणारे वाहन क्रमांक 1989 पासून आले. एमएच 22 दिसले तर परभणी, 24 लातूर, 26 नांदेड आणि फोटो 1989 नंतरचा. जुना क्रमांक दिसला तर मात्र काही सिद्ध होत नाही, जुन्या गाड्या जुन्याच क्रमांकांवर धावत राहिल्या. एमएच 38 दिसले तर फोटो हिंगोली जिल्हा झाल्यानंतरचा, म्हणजे 1999 च्या पुढचा. पाटीवर नुसते 'मराठवाडा विद्यापीठ' असेल तर तो बहुधा 14 जानेवारी 1994 च्या नामविस्ताराआधीचा. दुकानांच्या पाट्यांवरचे दूरध्वनी क्रमांक किती अंकी आहेत, हेही पाहावे.

पाकिटावरची जिल्ह्याची नावे 'दुरुस्त' करू नयेत. हिंगोलीच्या फोटोवर 'जि. परभणी', लातूरच्या फोटोवर 'जि. उस्मानाबाद' आणि जालन्याच्या फोटोवर 'जि. औरंगाबाद' असेल तर ती चूक नाही. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये वेगळा झाला. मूळ नोंद तशीच ठेवून आजचे नाव शेजारी लिहावे. त्यातूनच फोटोचा काळ कळतो.

भंगाराबद्दल दोन शब्द. एक्स-रे आणि निगेटिव्ह चांदीसाठी विकत घेणारे लोक गावोगाव फिरतात. रंगीत निगेटिव्हमध्ये धुलाईनंतर चांदी जवळजवळ उरतच नाही, कृष्णधवलमध्येही एका रोलमागे अगदी किरकोळ असते. चांदी काढून हाती येणारी रक्कम पाहता आख्खे पोते देणे म्हणजे फुकटच देणे आहे. घरातल्या मंडळींनी दुकान आवरताना हे ध्यानात ठेवावे.

जुन्या निगेटिव्हइतकीच चिंता 2000 ते 2012 या काळाची आहे. त्या वर्षांत फोटोवाले डिजिटलवर आले. 128 किंवा 256 एमबीची कार्डे महाग, म्हणून फोटो पाठवला की कार्ड पुसून पुन्हा वापरायचे. जे ठेवले ते सीडीवर, आणि त्या सीडी आता वाचल्या जात नाहीत. सीडीच्या वरच्या बाजूचा थर उष्णतेने आणि ओरखड्याने निघतो. सीडी एका ड्राइव्हवर चालली नाही तर दुसऱ्यावर पाहावी, जुने लिहिणारे ड्राइव्ह पुष्कळदा वाचतात. त्यापुढचे फोटो तर मोबाइलवरच गेले. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, त्याचे असंख्य फोटो निघाले, पण पुष्कळांच्या हाती आज उरली आहे ती व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेली, 1600 पिक्सेलच्या आसपासची प्रत. मूळ कार्ड किंवा जुना लॅपटॉप कोणाकडे असेल तर तो विकण्याआधी डिस्क काढून ठेवावी.

मोठ्या नावांचे जतन झाले आहे. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने 1899–1900 च्या दुष्काळातल्या औरंगाबादच्या मदतकार्याचे काढलेले फोटो आज पाहता येतात. त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 मध्ये घेतल्या. 1972 च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो ज्वारीच्या रांगा ज्यांनी टिपल्या, ते आपल्या तालुक्याचे छायाचित्रकार. त्यांच्या डब्यांसाठी असे कोणीच पुढे आलेले नाही.

आपल्या दैनिकाकडून आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. जुना फोटो छापताना छायाचित्रकाराचे नाव छापावे, आणि ते माहीत नसेल तर वाचकांना जाहीर विचारावे. गावात कोणीतरी ओळखणारे निघतेच. दिवाळीच्या सुमारास एक आवाहन प्रसिद्ध करून जिल्हा ग्रंथालयात किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या पत्रकारिता विभागात हिवाळ्यापुरते स्कॅनिंगचे टेबल लावायला मदत करावी. दोन कॅमेरे आणि चार विद्यार्थी असले तर दिवसाला पंचवीस-तीस रोल सहज होतील. आणि पुराभिलेख विभाग किंवा विद्यापीठाने मूळ निगेटिव्ह थंड, कोरड्या खोलीत सांभाळण्याची जबाबदारी घ्यावी, यासाठी पाठपुरावा करावा.

यात हक्काचा प्रश्न आधीच मिटवलेला बरा. स्वतःहून काढलेल्या फोटोचा हक्क मुक्त छायाचित्रकाराचाच असतो. 2012 च्या कायदादुरुस्तीनंतर तो त्याच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षे टिकतो, म्हणजे वारसांकडे जातो. कोणी पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा, उदाहरणार्थ लग्नाच्या, पहिला मालक वेगळा करार नसेल तर तो काढून घेणारा. म्हणून वृत्तचित्रे, लग्ने आणि पंचनामे हे रोल सुरुवातीलाच वेगळे करावेत. अपघाताच्या, मृतदेहांच्या आणि घरगुती समारंभांच्या फ्रेम कोणत्याही संकेतस्थळावर टाकू नयेत. रोल ताब्यात घेताना साध्या कागदावर किती रोल, कोणाचे, फक्त स्कॅन करायचे की छापायचेही, आणि परत कधी द्यायचे, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

ज्यांच्या घरी असे डबे आहेत त्यांना एवढेच सांगणे आहे की टेबल लागेपर्यंत काही पुसू नका, धुऊ नका, क्रम लावू नका. डबा माळ्यावरून उतरवून खालच्या खोलीत, भिंतीपासून दूर, सावलीत ठेवा, वर कागदावर छायाचित्रकाराचे नाव आणि गाव लिहा, आणि आणाल तेव्हा रिकामी वाटणारी पाकिटेही सोबत आणा.

कळावे,
आपले,
परभणी जिल्ह्यातील काही छायाचित्रकार